डेटा वेअरहाऊसचं साधं स्टेजिंग कसं उभारायचं: एका डाळ मिलच्या नमुन्यावर

डेटा वेअरहाऊस म्हणजे रिपोर्टांसाठी सगळीकडची माहिती एकत्र ठेवायचा डेटाबेस, आणि स्टेजिंग म्हणजे ती माहिती पहिल्यांदा उतरवायची त्यातली जागा. स्टेजिंग बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. फाईल आत घेता घेताच माणूस ती सुधारायला बसतो. तारखा सरळ करतो, गावांची नावं जुळवतो, रिकाम्या ओळी उडवतो. महिन्याभराने मालक विचारतात, "उदगीरची पाच तारखेची खरेदी टॅलीत एक आणि रिपोर्टात एक, असं कसं?" तेव्हा मुळात काय आलं होतं, हे दाखवायला हातात काहीच उरलेलं नसतं.

मोंढ्यात गाडी आली की आधी काट्यावर चढते, पावती फाटते, मग माल उतरतो. चाळणी आणि प्रतवारी त्यानंतर. स्टेजिंगचा क्रमही हाच ठेवा. जसं आलं तसं उतरवा, मोजा, वहीत नोंदवा. साफसफाई पुढच्या थरात, म्हणजे स्टेजिंगनंतरच्या वेगळ्या टेबलांत.

नमुन्यासाठी सोयाबीनही विकत घेणारी एक डाळ मिल धरू. मुख्य ऑफिस लातूरला, खरेदी केंद्रं उदगीर, औसा आणि अहमदपूरला. माहिती तीन ठिकाणांहून येते. वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमधून रोज एक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल), टॅलीतून खरेदीची व्हाउचरं, आणि केंद्रावरच्या मुनीमजींची एक्सेल शीट, जिच्यात ओलावा, डागी दाणा आणि कट्ट्यांची संख्या असते. एवढ्या कामाला पोस्टग्रेस हा डेटाबेस (आवृत्ती १५ किंवा त्यापुढची), एक पायथन स्क्रिप्ट आणि ती ठरल्या वेळी चालवायला विंडोजचा टास्क शेड्युलर किंवा लिनक्सचा क्रॉन पुरतो. रोजच्या दोन-चार हजार ओळींसाठी स्पार्क आणि एअरफ्लोसारखी मोठ्या डेटाची साधनं आणायची हौस नंतर भागवा.

टेबलांची आणि रकान्यांची नावं इथे वाचायला सोपी म्हणून नागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत ठेवा. पोस्टग्रेसमध्ये मराठी नाव चालतं, पण नावाची मर्यादा ६३ बाइट आहे आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे २१ चिन्हांनंतर नाव कापलं जातं, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात.

## १. कोडच्या आधी कागद

प्रत्येक स्रोतासाठी एक पान करा आणि त्यावर एवढं लिहा:

- फाईल कोण काढतं, किती वाजता, आणि तो माणूस रजेवर असला तर कोण काढतं.
- एक ओळ म्हणजे काय. काट्याच्या फाईलीत एक ओळ म्हणजे एक पावती. टॅलीत एका व्हाउचरच्या चार ओळी निघू शकतात. मुनीमजींच्या शीटमध्ये एक ओळ म्हणजे कधी एक गाडी, कधी एका शेतकऱ्याचा माल.
- ओळ ओळखायची कशावरून. "पावती क्रमांक" एवढं लिहून सोडू नका. क्रमांक १ एप्रिलला पुन्हा १ पासून सुरू होतो आणि तिन्ही केंद्रांवर पावती ३१८ असतेच. ओळख म्हणजे केंद्र, आर्थिक वर्ष आणि पावती क्रमांक, तिन्ही मिळून.
- एकक. काटा किलोत, टॅली क्विंटलमध्ये, मुनीमजी कट्ट्यांत.
- जुनी ओळ नंतर बदलते का, आणि पुसली जाते का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लोक "नाही" असं देतात. ते धरून चालू नका. काट्यावर रात्री अकराला भरलेली गाडी चढते, पावती उघडते. माल सकाळी उतरतो आणि रिकाम्या गाडीचं वजन दुसऱ्या दिवशी होतं. म्हणजे आजच्या फाईलीत ती पावती अर्धी आणि उद्याच्या फाईलीत पूर्ण. टॅलीत तर मार्चअखेरीला मागच्या तारखेच्या नोंदी होतच असतात.

तपासा: प्रत्येक स्रोताची मागच्या हंगामातली खरी फाईल मिळवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या गर्दीच्या दिवसाची घ्या. नमुना म्हणून कुणी हाताने बनवून दिलेली पाच ओळींची स्वच्छ फाईल उपयोगाची नाही.

## २. फोल्डर आणि फाईलींची नावं

चार फोल्डर करा: येणाऱ्या, चालू, झालेल्या, नाकारलेल्या. फाईलीच्या नावात स्रोत, केंद्र, तारीख आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक हवा. उदाहरणार्थ, काटा_उदगीर_२०२५११०५_०१. वर्ष आधी लिहिलं की यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते.

केंद्रावरून फाईल पाठवताना ती आधी तात्पुरत्या नावाने पाठवा, शेवटी "पार्ट" असं शेपूट लावून. पूर्ण पोचली की मगच खरं नाव द्या. स्क्रिप्टने शेपूटवाल्या फाईलींना हात लावायचा नाही. वीज गेली किंवा नेट तुटलं तर अर्धी फाईल येते, आणि अर्धी सीएसव्ही दिसायला अगदी पूर्ण दिसते. शेवटची ओळ मध्येच तुटली नसेल तर भरतानाही काही तक्रार येत नाही.

सावधान: आलेली सीएसव्ही "बघूया जरा" म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. पुढची शून्यं जातात, तारखांचं रूप बदलतं, आणि १५ पेक्षा जास्त अंकांच्या बँक खाते क्रमांकात पंधराव्या अंकापुढे शून्यं बसतात. बघायचीच असेल तर नोटपॅड प्लस प्लस वापरा.

मुनीमजींनी स्वतः एक्सेलमधून सीएसव्ही काढली तर आणखी एक खड्डा आहे. "सेव्ह अॅज"मध्ये साधी सीएसव्ही निवडली की देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत. "सीएसव्ही यूटीएफ-८" हाच पर्याय हवा. त्याहून बरं म्हणजे त्यांच्याकडून मूळ एक्सेल फाईलच घ्या आणि सीएसव्ही स्क्रिप्टने करा.

## ३. वेगळी स्कीमा, सगळे रकाने टेक्स्ट

वेअरहाऊसच्याच डेटाबेसमध्ये "स्टेज" नावाची वेगळी स्कीमा, म्हणजे टेबलांचा वेगळा कप्पा, उघडा. प्रत्येक स्रोताला एक टेबल, रकाने स्रोतातल्याच नावांनी (लिपीही तीच, वरच्या नियमाला हा अपवाद) आणि त्याच क्रमाने. सगळ्यांचा प्रकार टेक्स्ट. वजन टेक्स्ट, तारीखही टेक्स्ट. पोस्टग्रेसमध्ये टेक्स्ट वापरल्याने जागेचा किंवा वेगाचा म्हणावा असा तोटा होत नाही.

वजनाचा रकाना थेट न्यूमरिक, म्हणजे आकड्यांच्या प्रकाराचा, ठेवला तर? "८,३२०" मधल्या स्वल्पविरामापाशी फाईल टेबलात भरणारी कॉपी कमांड थांबते आणि तोवर भरलेल्या ओळींसकट पूर्ण फाईल परत फिरते. एका ओळीपायी ८५ चांगल्या ओळी अडकतात. पोस्टग्रेस १७ मध्ये अशा ओळी सोडून पुढे जायची सोय आली आहे, पण सोडलेली ओळ टेबलात कुठेच राहत नाही. हिशोबाच्या कामाला ती वापरू नका.

प्रत्येक टेबलाला स्रोताच्या रकान्यांशिवाय तीन रकाने आपले जोडा (बॅच म्हणजे एका वेळी भरलेली एक फाईल):

- बॅच क्रमांक
- फाईलीतला ओळ क्रमांक
- भरल्याची वेळ, टाइमझोनसकट

ओळ क्रमांक लोक विसरतात आणि नंतर पस्तावतात. "उदगीरच्या फाईलीत एक वजन चुकलंय" असं मुनीमजींना फोनवर सांगून उपयोग नाही. "बेचाळिसावी ओळ बघा" म्हटलं की दोन मिनिटांत काम होतं.

प्रायमरी की, फॉरेन की, नॉट नल: यातलं कुठलंही बंधन स्रोताच्या रकान्यांवर लावू नका. दुबार पावती आली तर ती दुबारच उतरली पाहिजे, म्हणजे दुबार आली होती हे कळतं. इंडेक्स, म्हणजे शोध वेगात होण्याची सूची, फक्त बॅच क्रमांकावर.

अनलॉग्ड टेबल वापरा असा सल्ला ऐकायला मिळतो. भरणं वेगात होतं हे खरं, पण सर्व्हर अचानक बंद पडला की पुन्हा सुरू होताना ते टेबल रिकामं होतं. जिथे दुपारी वीज जाते आणि यूपीएसची बॅटरी कधी बदलली हे कुणाला आठवत नाही, तिथे दोन-चार हजार ओळींसाठी हा धोका घेऊ नका.

## ४. बॅचची वही

"बॅच वही" हे टेबल आधी करा, स्टेजची टेबलं नंतर. उलट क्रमाने केलं की वही कधीच होत नाही. रकाने असे:

- बॅच क्रमांक, स्रोत, केंद्र
- फाईलीचं नाव, आकार आणि शा-२५६ हॅश
- पाठवणाऱ्याने सांगितलेल्या ओळी आणि सांगितलेली बेरीज
- भरलेल्या ओळी आणि निघालेली बेरीज
- स्थिती: चालू, भरली, ताळा जुळला, पुढे गेली, नाकारली
- सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, चूक आली तर तिचा संदेश

हॅश म्हणजे फाईलीतल्या मजकुराचा अंगठा. मजकूर तोच असेल तर हॅश तोच, नाव काहीही असो. व्हॉट्सअॅपवरून उतरवलेली फाईल "(१)", "(२)" अशी नावं घेऊन तीनदा येते, ती इथेच पकडली जाते. विंडोजवर सर्टयूटिल, लिनक्सवर शा-२५६-सम ही कमांड हॅश काढून देते, आणि पायथनमध्ये हॅशलिब आहेच. हॅशच्या रकान्याला युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तोच हॅश दोनदा शिरणार नाही, पण नाकारलेल्या बॅच त्यातून वगळा. नाहीतर एकदा नाकारलेली फाईल दुरुस्ती न करता पुन्हा भरायची वेळ आली तर भरताच येणार नाही.

## ५. भरणं

एका फाईलीचं भरणं या क्रमाने:

१. फाईल "येणाऱ्या"मधून "चालू"मध्ये हलवा.
२. हॅश काढा. वहीत आधीच असेल (नाकारलेल्या बॅच सोडून) तर तिथेच थांबा.
३. वहीत "चालू" स्थितीची नोंद करा आणि ती कमिट, म्हणजे पक्की, करा. पुढचं काम फसलं तरी ही नोंद राहिली पाहिजे.
४. नवा ट्रान्झॅक्शन (सगळी कामं झाली तरच पक्का होणारा कामांचा गट) उघडा. स्रोताचे रकाने आणि आपोआप वाढणारा एक आकडा, एवढ्यांचं तात्पुरतं टेबल करा.
५. कॉपी कमांडने फाईल त्या टेबलात घ्या.
६. तिथून बॅच क्रमांक आणि ओळ क्रमांक लावून स्टेजच्या टेबलात टाका. शीर्षकाची ओळ पहिली असल्याने आपोआप आलेल्या आकड्यात १ मिळवा, म्हणजे एक्सेलमधल्या ओळीशी जुळेल.
७. वहीतली स्थिती "भरली" करा, कमिट करा.

कॉपीसोबत तीन गोष्टी प्रत्येक वेळी लिहाच: स्वरूप सीएसव्ही, शीर्षक "मॅच", एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) यूटीएफ-८.

शीर्षक "मॅच" ही सोय आवृत्ती १५ पासून आहे. नुसतं शीर्षक म्हटलं तर पोस्टग्रेस पहिली ओळ न वाचता सोडून देतं. काट्याच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं आणि भरलेल्या व रिकाम्या वजनाचे रकाने आपसात बदलले, तर कसलीही तक्रार न करता फाईल भरली जाईल. "मॅच" लिहिलं की नाव आणि क्रम जुळल्याशिवाय एकही ओळ आत जात नाही. यात एक खोच आहे. "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून एक्सेलने काढलेल्या फाईलीच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट असतात, त्याला बॉम म्हणतात. ते पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतात आणि दिसायला सारखं असूनही नाव जुळत नाही. स्क्रिप्टमध्ये हे तीन बाइट आधी काढा. मूळ फाईलीला मात्र हात लावू नका, प्रतीतून काढा.

एन्कोडिंग सांगितलं नाही तर पोस्टग्रेस क्लायंटचं एन्कोडिंग धरतं. विंडोजवर ते भलतंच असू शकतं आणि "निलंगा"च्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात.

सावधान: साधी कॉपी कमांड सर्व्हरच्या डिस्कवरची फाईल शोधते. फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर आणि सर्व्हर दुसरीकडे असेल तर पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-प्रोग्रॅममधली, पुढे उलटी तिरकी रेघ असलेली कॉपी वापरा. "फाईल सापडत नाही" या तक्रारीचं कारण बहुधा हेच निघतं.

जुन्या आडतीच्या नोंदींत श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली नावंही येतील. ती युनिकोड नसतात. फॉन्ट काढला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा उरतात. त्यांना बिघडलेली म्हणून उडवू नका. जशीच्या तशी उतरवा, रूपांतर पुढच्या थरात करा आणि तिथेही मूळ रकाना सोबत ठेवा. रूपांतर करणारी साधनं जोडाक्षरांत चुकतात.

## ६. ताळा

इथे घाई करू नका. फाईलीबरोबर केंद्रावरून दोन आकडे मागा, एकूण ओळी आणि एकूण निव्वळ वजन. मेसेजवर आले तरी चालतील, पण ते काट्याच्या सॉफ्टवेअरच्या दिवसअखेरच्या रिपोर्टवरून हवेत. त्याच सीएसव्हीची बेरीज करून पाठवले तर फाईल आपल्याशीच जुळेल, त्यात काय मिळालं?

समजा उदगीरची ५ नोव्हेंबरची फाईल आली. सांगितलेल्या ओळी ८६, सांगितलेलं वजन ४,१२,६४० किलो. भरलेल्या ओळी ८६, पण बेरीज ४,०४,३२० किलो. फरक ८,३२० किलो. ओळी जुळल्या आणि वजन नाही, म्हणजे ओळ हरवलेली नाही, एखादा आकडा वाचला गेलेला नाही. फरक एका गाडीएवढा आहे, म्हणून निव्वळ वजनाचा आकडा न होणारी ओळ शोधा. सापडते पावती ३१८: भरलेलं १२,४८०, रिकामं ४,१६०, आणि निव्वळच्या रकान्यात ८३२० देवनागरी अंकांत. काट्याचा डिस्प्ले तेवढ्या वेळापुरता कॉम्प्युटरशी जोडलेला नव्हता आणि ऑपरेटरने मराठी कीबोर्ड चालू असतानाच वजन हाताने टाकलं. पोस्टग्रेस देवनागरी अंकांना आकडा मानत नाही. उपाय सोपा आहे, ट्रान्सलेट फंक्शनने दहाही अंक इंग्रजीत बदलायचे. पण ते ताळ्याची बेरीज काढताना आणि पुढच्या थरात करा. स्टेजमध्ये देवनागरी ८३२० तसंच राहू द्या.

फरकाचा आकडाच बहुतेक वेळा कारण सांगतो:

- एका गाडीएवढा फरक: एक आकडा वाचला गेला नाही किंवा एक पावती दुबार आली.
- ओळींत एकाचाच फरक: शेवटची "एकूण" ओळ माल म्हणून मोजली गेली. वजनही बरोबर दुप्पट झालेलं दिसेल.
- बेरीज शंभरपट किंवा शंभरावा भाग: किलो आणि क्विंटल.
- ओळी सांगितल्याहून थोड्या कमी: नावाच्या किंवा शेऱ्याच्या रकान्यात सुटं अवतरणचिन्ह पडलं आणि दोन ओळींची एक झाली.

नियम: ताळा जुळल्याशिवाय बॅच पुढे जात नाही. दहा किलोंचा फरक असला तरी नाही. "चालतंय की" म्हणून एकदा सोडलं की ताळ्याकडे कुणी बघत नाही.

## ७. आकडे आणि तारखा तपासणं

आता टेक्स्टचे खरे प्रकार करायचे, पण वेगळ्या टेबलात. ज्या ओळी जमत नाहीत त्या "अडकलेल्या" नावाच्या टेबलात लिहा: बॅच क्रमांक, ओळ क्रमांक, रकाना, मूळ मजकूर, कारण. स्टेजमधली मूळ ओळ तशीच राहते.

पोस्टग्रेस १६ पासून पीजी इनपुट इज व्हॅलिड हे फंक्शन आहे. एखादा मजकूर न्यूमरिक होईल का, हे चूक न फेकता हो-नाहीत सांगतं. त्याला विचारायच्या आधी स्वल्पविराम काढा, देवनागरी अंक बदला आणि कडेच्या जागा छाटा. वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी जागा नावाचं वेगळं चिन्ह असतं, ते साध्या ट्रिमने जात नाही. ते रिप्लेसने काढावं लागतं.

तारखांसाठी मात्र या फंक्शनवर विसंबू नका. डेटाबेसची सेटिंग महिना-दिवस-वर्ष अशी असेल तर ०५/११/२०२५ ही तारीख बिनतक्रार ११ मे होते. १३/११/२०२५ ला तक्रार येते, म्हणून वाटतं की चूक फक्त तेरा तारखेपासून आहे. खरं म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत उलटापालट मुकाट्याने होते. वर्षातल्या अशा १४४ तारखांपैकी दिवस आणि महिना सारखे असलेले १२ सोडले तर १३२ तारखा अशा फसव्या. दोन गोष्टी करा. आधी दोन अंक, तिरकी रेघ, दोन अंक, तिरकी रेघ, चार अंक असा साचा जुळतो का ते बघा. मग टू डेट फंक्शनला दिवस-महिना-वर्ष हा क्रम लिहूनच द्या.

मुनीमजींच्या शीटमधून तारखेऐवजी ४५९६६ असा आकडा आला तर घाबरू नका, ती एक्सेलच्या आतली दिवसमोजणी आहे. ३० डिसेंबर १८९९ मध्ये तेवढे दिवस मिळवले की ५ नोव्हेंबर २०२५ येते.

तपासा: तारीख भविष्यातली नाही ना, आणि काट्याच्या फाईलीत ती फाईलीच्या नावातल्या तारखेपासून तीन दिवसांपेक्षा मागची नाही ना. या एका तपासणीत उलट्या झालेल्या बहुतेक तारखा सापडतात.

रिकामं आणि शून्य वेगळं ठेवा. ओलावा मोजलाच नाही तर रकाना रिकामा असतो. त्याला शून्य केलं की महिन्याची सरासरी खाली येते आणि केंद्र उगाच चांगलं दिसतं.

इथे करायचं नाही असं: धंद्याचे नियम. सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांहून जास्त असलेली ओळ अडकवायची, हा मोह होतो. २०२४च्या खरिपात सरकारी हमीभाव खरेदीसाठी हीच मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. स्टेजिंगमध्ये १२ कोरून ठेवलेल्यांचा चांगला माल अशा वेळी अडकला असता. ओलावा हा आकडा आहे का, आणि तो ० ते १०० मध्ये आहे का, एवढंच इथे बघा.

गावांच्या नावांचंही तेच. उस्मानाबाद आणि धाराशिव, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई आणि आंबाजोगाई: जे आलं ते राहू द्या. एकच नाव ठरवायला पुढच्या थरात नावांचं जोडटेबल करा. २०२३च्या आधीच्या पावत्यांवर जुनंच नाव असणार, आणि कागदाशी ताळा घालताना तेच लागणार. मराठी नावं जोडण्याआधी नॉर्मलाइझ फंक्शन लावा. "ऱ" हे अक्षर दोन प्रकारे टाईप होतं, डोळ्यांना फरक दिसत नाही आणि जुळणी मात्र हुकते.

किती ओळी अडकल्या की बॅच थांबवायची? काटा आणि मुनीमजींची शीट यांच्यासाठी १ टक्का ही मर्यादा ठेवून सुरुवात करा. टॅलीसाठी एक ओळ अडकली तरी थांबा, कारण तिथे प्रत्येक ओळीला दुसरी बाजू असते.

## ८. बदललेल्या आणि पुसलेल्या नोंदी

"कालच्या तारखेची व्हाउचरं आण" अशी सोय केली की मागच्या तारखेने झालेली नोंद कधीच येत नाही. म्हणून टॅलीतून रोज मागच्या ४५ दिवसांची खिडकी पूर्ण आणा, आणि महिन्यातून एकदा चालू आर्थिक वर्ष पूर्ण. काट्यासाठी तीन दिवसांची खिडकी पुरे, रात्रीच्या अर्ध्या पावत्या तिच्यात पूर्ण होतात.

स्टेजमध्ये एकच पावती तीन बॅचमध्ये दिसेल. ते बरोबर आहे. पुढच्या थरात प्रत्येक ओळखीची सर्वांत नव्या बॅचमधली ओळ घ्या. टॅलीच्या व्हाउचरला ओळख म्हणून जीयूआयडी, म्हणजे टॅलीने दिलेला न बदलणारा ओळख-क्रमांक, वापरा. व्हाउचर क्रमांक बदलता येतो. ऑल्टरआयडी हा टॅलीचा बदल-क्रमांक सोबत आणला तर नोंद बदलली का हे लगेच कळतं, कारण बदलाबरोबर तो वाढतो.

पुसलेलं व्हाउचर कुठल्याच फाईलीत "मी पुसलं" असं सांगत येत नाही. ते शोधायचं असं: त्याच खिडकीतल्या मागच्या बॅचमध्ये होतं आणि आजच्या बॅचमध्ये नाही, तर पुसलं. पुढच्या थरात त्यावर खूण करा, ओळ काढू नका.

सावधान: पुसलेल्यांचा शोध फक्त ताळा जुळलेल्या बॅचवर चालवा. अर्धी फाईल आली आणि शोध चालला तर अर्ध्या महिन्याची खरेदी एका रात्रीत "पुसलेली" होते. खिडकीच्या दोन्ही टोकांच्या तारखाही बॅच वहीत लिहा. नाहीतर खिडकी पुढे सरकल्यावर मागे राहिलेला दिवस पुसल्यासारखा दिसतो.

## ९. परवानग्या आणि झाडलोट

रिपोर्ट बघणाऱ्यांना स्टेज स्कीमाची परवानगी देऊ नका. एकदा कुणी तिथून एक्सेल काढली की दुबार पावत्यांसकट बेरीज मालकांच्या टेबलावर जाते.

शेतकऱ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाती रिपोर्टला लागत नसतील तर सीएसव्ही करतानाच वगळा. जसं आलं तसं उतरवा या नियमाला हा एक अपवाद.

स्टेजमध्ये ९० दिवसांच्या बॅच ठेवा, जुन्या बॅच क्रमांकाने काढा. टॅलीची महिन्यातून एकदा आणलेली पूर्ण वर्षाची बॅच मात्र पुढची येईपर्यंत राहू द्या. मूळ फाईली झिप करून वर्ष-महिन्याच्या फोल्डरांत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, त्या काढायची घाई नको. बॅच वही कधीच पुसू नका.

## १०. चालू करण्याआधीच्या चाचण्या

या पाच चाचण्या खऱ्या फाईलींवर करा:

१. तीच फाईल दोनदा टाका. दुसऱ्यांदा एकही ओळ वाढायला नको.
२. तीच फाईल नाव बदलून टाका. परिणाम तोच हवा.
३. शेवटच्या वीस ओळी कापून टाका. ताळ्यात अडकली पाहिजे.
४. दोन रकाने आपसात बदला. कॉपीनेच नकार दिला पाहिजे.
५. भरणं चालू असताना स्क्रिप्ट मध्येच मारा, शक्य असेल तर कॉम्प्युटरचा प्लगच काढा.

पाचव्या चाचणीनंतर सर्व्हर सुरू करून बघा. स्टेजच्या टेबलात त्या बॅचची एकही ओळ नको, वहीत तिची नोंद "चालू" स्थितीत अडकलेली हवी आणि फाईल "चालू" फोल्डरमध्ये. स्क्रिप्टने सुरू होताना सर्वांत आधी अशा नोंदी शोधायच्या, त्यांची स्थिती "नाकारली" करायची, कारणात "मध्येच थांबली" लिहायचं, फाईल परत "येणाऱ्या"मध्ये टाकायची आणि नव्या बॅच क्रमांकाने पहिल्यापासून भरायची.